बातम्या लागल्या की गोळी

बावीस ऑक्टोबर २०२३, रविवार, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. टीव्हीला जोडायच्या डब्याचे तीन हजार आठशे आणि फायबरच्या जोडणीचे पाचशे, एकूण चार हजार तीनशे रुपये, रोख. हजर होते मी, माझी बायको, जोडणीला आलेला माणूस आणि खाटेवर बसलेले बाबा. माय घरातच होती, पण ती स्वयंपाकघरात भाकरी टाकत होती. नवीन डबा कसा चालतो हे त्या माणसाने सगळ्यांना समजावून सांगितलं, म्हणजे आम्हा तिघांना.

बाबा एसटीच्या आगारात फिटर होते. निवृत्त झाल्यावर पाय गेले, हात थरथरायला लागले, आणि साखर तर नोकरीत असतानाच लागली होती. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा साखरेच्या दोन गोळ्या, दोन्ही जेवणाआधी. ही गोळी द्यायचं काम मायचं. ते तिने कोणाला करू दिलं नाही. माझ्या बायकोने एकदा गोळी काढून हातावर ठेवली, तर मायने ती परत पाकिटाशेजारी ठेवली आणि मग स्वतः उचलून दिली.

मायला वाचता येत नाही. घड्याळ थोडंफार कळतं, पण घड्याळावर तिचा भरवसा नाही, कारण आमच्या भिंतीवरचं घड्याळ सेल उतरला की मागे पडतं आणि आठ-आठ दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तिने गोळ्या टीव्हीला बांधल्या होत्या. सकाळी बुद्धवंदना लागली की पहिली गोळी. संध्याकाळी सातच्या बातम्यांचं संगीत वाजलं की दुसरी. ती चुलीपुढे असो की अंगणात, ते संगीत कानावर पडलं की हात पुसून उठायची, गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन खाटेजवळ यायची. बाबा तोंड उघडायचे. चार वर्षांत एकही गोळी चुकली नव्हती. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा तेही हसून म्हणाले होते, चालू द्या, उत्तम पद्धत आहे.

पद्धत चालत होती, कारण सातच्या बातम्या दिवसातून एकदाच लागत. दुपारी बाबा झोपायचे, तेव्हा टीव्ही बंद. संध्याकाळी लावला की त्या एकाच वाहिनीवर.

आता डबा घेतला काहून, ते लिहितो. केबलचे महिन्याला तीनशे ऐंशी जात. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिची प्रशिक्षणं मोबाइलवर चालायची, त्यासाठी जादा नेटचे सरासरी तीनशे. एकूण सहाशे ऐंशी. फायबर करासकट पाचशे नव्वदला पडत होतं, त्यात टीव्हीही आला आणि मोबाइलही. महिन्याला नव्वद रुपयांची बचत. चार हजार तीनशेला नव्वदने भागलं की जवळजवळ अठ्ठेचाळीस महिने. चार वर्षांत पैसे वसूल, असं मी बायकोला कागदावर दाखवलं.

"चार वर्षं टिकतो का हा?" तिने विचारलं.

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

केबलवाला दुसऱ्या दिवशी वायर काढायला आला. केबल सोडणारं आमच्या ओळीतलं ते सहावं घर होतं, त्यामुळे तो चिडलेलाच होता. "काकाजी, तुमच्याकडून ही आशा नव्हती," तो शिडीवरून म्हणाला. "तुमी तं हिशोबी माणूस. नेट गेलं की त्या डब्यात काय पाह्यसान? आपलंच थोबाड दिसते त्याच्यात."

"तुझी केबल कोणती पावसात चालत होती?" मी म्हटलं.

"नव्हती चालत. पण मी तं येत होतो ना दुसऱ्या दिवशी."

हे त्याचं खरं होतं. फायबरवाले तक्रार केल्यावर क्रमांक देतात, माणूस देत नाहीत.

डब्याचे फायदे मी नाकारत नाही. बायको आठ वाजता स्वयंपाकात असायची आणि तिची मालिका निघून जायची, ती आता भांडी आटोपल्यावर सावकाश बघू लागली. मध्येच कोणी आलं तर थांबवता येतं. जाहिराती कमी. आणि सगळ्यात मोठा फायदा बाबांना झाला. जुन्या रिमोटवर पन्नास बटणं, बोट थरथरून भलतंच दाबलं जायचं. मग ते चिडायचे, मायला हाक मारायचे, मायला आकडे कळायचे नाहीत, आणि दोघंही चिडायची. नवीन रिमोटवर मोजकी बटणं होती आणि एक दाबून बोललं की डबा ऐकत होता.

पहिल्या दिवशी बाबांनी रिमोट तोंडाजवळ धरला आणि आगारात हाक मारावी तसे ओरडले, "बातम्या लाव."

बातम्या लागल्या. बाबा आमच्याकडे बघायला लागले.

"पाह्यलं काय? हा डबा माह्यं आयकते. या घरात चाळीस वर्षांत कोणं आयकलं नाही."

"तुमी सांगता काय, जे आयकाव?" माय आतून म्हणाली.

त्यानंतर बाबा दिवसभर डब्याशी बोलत राहिले. जुनी भीमगीतं लाव. शेगावची गाडी दाखव. एकदा इंजिनाचा आवाज लाव म्हणाले आणि कुठलीशी जुनी बस सुरू होतानाचा आवाज आला, तर डोळे पुसायला लागले. संध्याकाळी कामावरून आलो की आज डब्याने काय काय ऐकलं ते सांगायचे. पाय गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. केबलच्या वेळी दुपारी झोपणारा माणूस आता दुपारी जागा राहू लागला.

तोटा काय, ते डबा आल्यावर दोन महिन्यांनी कळलं. तोवर कापसाचा हंगाम जोरात आला होता. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो; गाड्यांची रांग सकाळी लागते ती रात्री नऊपर्यंत. बायको सकाळच्या बसने शाळेत जायची ती सहाला परत. दिवसभर घरात ते दोघंच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाबा मलूल दिसायला लागले. दुपारी कपाळाला घाम. बोलता बोलता डोळे मिटायचे. जेवण निम्म्यावर आलं. मी विचारलं तर माय म्हणाली, "हिव बाधलं त्यायले. मंग जागरण. दिवसभर त्या डब्यासंग गोष्टी करून राह्यले." मलाही ते पटलं. साखरेच्या माणसाला घाम येणं म्हणजे काय हे मला माहीत असायला हवं होतं, पण आमच्या घरात साखर वाढायची एवढीच भीती होती. कमी होईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. गोळ्या वेळेआधी संपल्या असत्या तर तरी लक्षात आलं असतं. पण दोन महिन्यांच्या एकदम घेतल्या की औषधवाला दहा टक्के सोडायचा, म्हणून मी तशाच घ्यायचो, आणि मायच्या औषधांच्या डब्यात पाकिटं भरपूर होती.

एकवीस डिसेंबर, गुरुवार. सहा वाजून गेले होते. काट्यावर गाडी उभी होती आणि शेजारच्या काकूंचा फोन आला. "भाऊ, जसे आहा तसे निघा. तुमचे बाबा उठून नाही राह्यले. अंग पार ओलं झालं. तुमची मिसेस आताच आली, ऑटो बोलावला."

मी थेट दवाखान्यात पोचलो. साखर एकतीस निघाली. सलाइनमधून ग्लुकोज सुरू केलं होतं. बाबांचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. माय पायाशी उभी होती, हातात त्यांची कानटोपी.

डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते. त्यांनी गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि मायला विचारलं, "आजी, ही गोळी आज कधी दिली?"

"बातम्या लागल्या तवा."

"किती वाजता लागल्या?"

"एक डाव जेवण झाल्यावर लागल्या. एक डाव चाय ठेवला तवा. मंग दिवा लावाच्या आंधी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे.

"प्रत्येक वेळी गोळी दिली?"

"हो जी. बातम्या लागल्या का गोळी द्याची." मग तिला आमच्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. "मी कुठी जास्तीच्या देल्या? बातम्याच तीन डाव लागल्या."

तिने ते वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कानटोपी दोन्ही हातांनी धरून ती बाकावर बसली.

मग मला सगळं दिसलं. बाबा दुपारी रिमोटला सांगत, बातम्या लाव. डबा त्यांच्या आवडीच्या वाहिनीचं कालचं सातचं बातमीपत्र लावत असे, तेच संगीत, तोच निवेदक. स्वयंपाकघरात मायच्या कानावर ते पडायचं आणि ती हात पुसून उठायची. बाबांनी एकदाही विचारलं नसेल, कारण तिच्या हातची गोळी ते बघून घेत नव्हते, नुसतं तोंड उघडायचे. किती दिवस हे चाललं ते सांगता येत नाही. रोज तीन नसतील. पण त्या दिवशी तीन होत्या, सकाळची धरून चार, आणि पोटात अर्धी भाकरी.

बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. बिल चौऱ्याहत्तर हजार सहाशे झालं. जीव वाचला. साखर फार वेळ खाली राहिल्याने मेंदूला मार बसला, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही परत येईल, काही येणार नाही, वाट बघा. महिना झाला तरी बाबा बोलत नव्हते. आवाज निघायचा, शब्द नव्हता. घरी आल्यावर त्यांनी एकदा रिमोट उचलून तोंडाजवळ धरला, बटण दाबलं आणि घशातून आवाज काढला. पडद्यावर अक्षरं आली, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. त्यांनी पुन्हा आवाज काढला. तिसऱ्यांदा बायकोने हळूच रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

डबा फेकून द्या, असं ती मला म्हणाली. मी तो काढला नाही. डब्याने सांगितलेलं काम केलं होतं. केबल परत आणली असती तरी बाबांची वाचा परत येणार नव्हती.

मायने त्या दिवसापासून गोळीच्या पाकिटाला हात लावला नाही. मी मोबाइलवर गजर लावून दाखवला, म्हटलं, हा वाजला की एकच. ती म्हणाली, "नाही रे बाबू. मले पुन्हा आवाजावर नको ठेवू." मी म्हटलं, चूक सगळ्यांची आहे. ती म्हणाली, "सगळ्यायच्या हातानं नाही देल्या."

म्हणून एक जानेवारीपासून बाई ठेवली. ती आधी एका दवाखान्यात आया होती; सकाळी आठला येते, संध्याकाळी आठला जाते. पुसणं, कूस बदलणं, भरवणं आणि गोळ्या. गोळी देते आणि वहीत खूण करते. माय दारातून बघते. बाबा बाईच्या हातापुढेही तसंच तोंड उघडतात. समोर कोण आहे हे त्यांना कळतं की नाही, सांगता येत नाही.

बाई मनाने चांगली आहे. एकदा मी घरी असताना म्हणाली, "काकू, तुमीच द्या ना गोळी. मी बाजूले उभी राहतो, पाहतो."

"कायले?" माय म्हणाली. "तुले पगार आहे त्याचा."

बाई हसली. माय हसली नाही.

पगार महिन्याला सात हजार पाचशे ठरला होता. एकतीस जानेवारीला मी पैसे काढून आणले. बाबांच्या पेन्शनचे दोन हजार नऊशे, माझे चार हजार सहाशे. मी बाईला हाक मारणार, तेवढ्यात मायने हात पुढे केला. "आण इकडं. मी देतो." मी नोटा तिच्याकडे दिल्या. तिने त्या मोजल्या नाहीत. बाबांच्या खाटेजवळ जाऊन बाईच्या हातात ठेवल्या. पहिल्या महिन्याचे पूर्ण सात हजार पाचशे रुपये, बाईला, मायच्या हातून.