उरलेला दोन नंबर

डोलोरेसबाईंना त्यांच्या क्लबच्या इतिहासातून काढून टाकलं गेलं ते गेल्या मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण कॉम्प्युटर पुसलेल्या प्रत्येक ओळीची नोंद ठेवतो. त्या नोंदीला आम्ही लॉग म्हणतो. पुसणारा कोण, तेही त्यात असतं. ते मी पाहिलं दोन दिवसांनी.

क्लब स्पेनमधला, व्यावसायिक बास्केटबॉलचा. एका शाळेच्या अंगणात सुरू झालेला, आता मोठ्या लीगमध्ये खेळणारा. त्याच्या इतिहासाची वेबसाइट इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलची आमची कंपनी बनवत होती. जुन्या माणसांची यादी क्लबने एक्सेलमध्ये पाठवली. ती आमच्या डेटाबेसमध्ये भरायचं काम माझं. हीच यादी पुढे क्लबच्या नव्या स्टेडियममध्ये एका भिंतीवर छापली जाणार होती. प्रिंटरला फाइल द्यायची होती शुक्रवारी दुपारी बाराला.

यादी साइटवर दिसू लागली होती. गुरुवारी सकाळी तिथल्या तक्रारीच्या फॉर्ममधून दोन ओळी आल्या. "माझी आई तुमच्या यादीत नाही. ती भिंत बघायला जायचं तिकीट काढून बसली आहे." खाली नाव इनेस, राहणार स्लाऊ, म्हणजे आमच्या जवळच.

मी लगेच फोन लावला. इनेस स्लाऊच्या एका वेअरहाउसमध्ये शिफ्ट सुपरवायझर. आई चौऱ्याऐंशीची, तिच्याकडेच राहते.

"पहिल्या टीमचे शर्ट आईने शिवले," इनेस म्हणाली. "भिंतीवर नाव असेल असं क्लबनेच कळवलं होतं. काल आम्ही यादी तीनदा पाहिली. ती म्हणते, राहू दे, विसरले असतील. माझी आई आजवर कशालाच राहू दे म्हणालेली नाही."

माझं डोकं फिरलं. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. पुण्यात होस्टेलच्या पाण्यासाठी लिहिली, इथे भाडेकरूंच्या संघटनेसाठी लिहिते. वीस मिनिटांत मॅनेजरला पानभर ईमेल ठोकला. शेवटची ओळ होती, 'शिवणाऱ्या हातांना इतिहासातून हद्दपार करणारा कोण, ते जाहीर करा.'

मंदार, माझे मॅनेजर, मूळ ठाण्याचे. ऑफिसात सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मराठीत बोलताना मी त्यांना अहो-जाहोच करते. ते माझ्या डेस्कपाशी आले.

"पत्रक वाचलं. भाषा चांगली आहे."

"पत्रक नाहीये ते. तक्रार आहे."

"तक्रार असेल तर सिस्टिममध्ये नोंदवून तिकीट काढतात. लॉग पाहिलास?"

"नाही."

"पाहा. मग घोषणा दे."

पाहिला. यादी भरताना एक नियम लावला होता. ज्या ओळीत शर्टाचा नंबर नाही, ती ओळ गाळा. नियमाशेजारी शेरा होता, 'रिकाम्या ओळी, कचरा.' शेऱ्यापुढे माझी आद्याक्षरं. एकेचाळीस ओळी गेल्या होत्या. एकही मी वाचली नव्हती.

"मीच आहे ती," मी म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर चालत आलो."

"आत्ता नियम काढते."

"फ्रीझ आहे." म्हणजे क्लायंटने काम मंजूर केल्यावर कोडला हात लावायचा नाही. "एखाद्या माणसाची माहिती दुरुस्त करता येईल, नियम नाही बदलता येणार. त्या बाईंना एक नंबर दे, आत घे, विषय संपव."

"खोटा नंबर?"

"खरा सापडला तर खरा दे."

तासाभरात मी स्लाऊला पोचले. डोलोरेसबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. चांगला कोट घालून. इनेस दुभाष्याचं काम करत होती.

"बाई, तुम्हाला कोणी विसरलं नव्हतं," मी म्हणाले. "क्लबने तुमचं नाव पाठवलं होतं. ते मी पुसलं. न वाचता."

इनेसने सांगितलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग काहीतरी म्हणाल्या आणि इनेस हसली.

"विचारतेय, जेवलीस का."

जेवले नव्हते. माझ्यापुढे ब्रेड आणि ऑम्लेट आलं. मग बाईंनी बिस्किटांचा डबा ओढला. आत रिळं, सुया, आणि तळाशी पांढऱ्या कापडातून कापलेला एक आकडा. दोन.

"शर्ट होते बारा," बाई सांगू लागल्या. "मी एक ते बारा नंबर शिवले. पहिल्या मॅचच्या सकाळी पंच म्हणाला, नंबर चारपासून हवेत. एक, दोन, तीन ही बोटं तो गुण दाखवायला वापरायचा, मग शर्टावर तेच नंबर कसे चालतील? मला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल."

"मग?"

"तिथेच बाकावर बसून तीन शर्ट उसवले. एकाला चार जोडला, चौदा झाला. तिनाआधी एक लावला, तेरा झाला. दोनाचं काही होईना, बारा आधीच होता. तो काढला आणि नवा पंधरा शिवला."

"जास्तीचं कापड कुठून आणलंत?"

बाईंनी सांगितलं. इनेसने तिला पुन्हा एकदा विचारलं.

"पेटीकोट फाडला म्हणते. हे मला कधी बोलली नाही."

मी खूश झाले. दोन नंबर त्या काळी त्या क्लबमध्ये कोणीच घातला नव्हता. जागा मोकळी होती. "बाई, हा दोन तुमच्या नावापुढे लावू? खरा आहे. तुमचाच आहे."

बाईंनी कापडाची कड अंगठ्याने सरळ केली. "चालेल. आणि फेर्मिनला कितवा देणार?"

"फेर्मिन कोण?"

"बस चालवायचा."

तोही त्या एकेचाळीस ओळींतलाच. लॅपटॉप उघडला आणि गाळलेली नावं एकेक वाचत गेले. बाई सांगत गेल्या. ही मध्यंतराला संत्री सोलायची. हा मुलांचे गुडघे चोळायचा. एका नावाला त्या थांबल्या.

"हा गेला ना?"

"मला माहीत नाही, बाई."

"गेला. पण मैदान तोच पुसायचा. कोणी घसरून पडलं नाही कधी."

ऑफिसात परत येऊन मंदारना सगळं सांगितलं. "एका नंबरने भागत नाही. नियमच काढायला हवा." कापडाच्या दोनाचा फोटो पुढे धरला. त्यांनी तो मोठा करून टाके पाहिले.

"पेटीकोट?"

"हो."

"क्लायंटला फोन लावतो." क्लब हो म्हणाला, तसा त्यांनी इमर्जन्सी चेंजचा, म्हणजे फ्रीझमधल्या बदलाचा, फॉर्म उघडला. "चूक कशामुळे झाली, काय लिहू?"

"माझं नाव लिहा."

"नावाचा कॉलम नाही यात."

"मग तोही घाला..."

"एका दिवसात एकच क्रांती कर."

शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी एकेचाळीस ओळी परत आल्या. फाइल वेळेत गेली. पुढे इनेसने फोटो पाठवला. भिंतीसमोर डोलोरेसबाई, बोट फेर्मिनच्या नावावर. त्यांचं स्वतःचं नाव दोन ओळी वर. नंबरची जागा दोघांचीही कोरी. क्लबने काचेच्या पेटीत ठेवायला तो दोन मागितला होता. बाई नाही म्हणाल्या. तो डब्यातच आहे.

रकाना कोरा राहिला तर चूक रकान्याची असते, माणसाची नसते. हे मी पत्रकांत कितीदा लिहिलं होतं. कोडमध्ये लिहायचं सुचलं नाही.

आता तुमचं. तुमच्या ऑफिसात, मंडळात, सोसायटीत अशी एक यादी आहेच. उद्या कामाला लागण्याआधी ती उघडा. गाळलेल्यांतलं एक नाव मोठ्याने वाचा. मग त्या माणसाच्या घरी जा, चूक कोणाची ते सांगा, आणि तो जेवलास का म्हणाला तर बसा.