आतली खिडकी

चहाघरात येणारे सगळे तिला वहिनीच म्हणत. मालकाची बायको म्हणून ती तिथे आली, आणि मालक गेल्यावरही वहिनीच राहिली. पुढच्या दालनात लिहिणारे-वाचणारे जमत, कविता म्हणत, हमरीतुमरीवर येत. ती मागे, चुलीपाशी. मधल्या भिंतीत कप सरकवण्यापुरती एक खिडकी. वहिनीचं सगळं वाचन त्या खिडकीतून, कानांनी झालेलं.

तिथला एक रिवाज होता. कुणी वाचत असेल तोवर चहा ओतायचा नाही; कपांची किणकिण नको. किटली मंद आचेवर थांबायची. त्यामुळे कविता लांबली की चहा कडू. मग "आज विष पाजलंस रे बाबा!" हे कवीलाच ऐकावं लागे.

हात थकले तेव्हा जागेवर डोळा ठेवून बसलेल्या सगळ्यांना वहिनीनं वाटेला लावलं आणि चहाघर तिथे जमणाऱ्यांच्या वाचनमंडळाला देऊन टाकलं. कुणीही यावं, वाचावं, ऐकावं. चहा तीच करणार होती, आणि तिची अट एकच होती: आतली खिडकी बुजवायची नाही.

चहाघराचं वाचनालय करायच्या कामावर देखरेख दिराची. तो म्हणाला, "वहिनी, पुस्तकांना भिंत लागते. खिडकीत काय, कादंबऱ्या टांगायच्या?"

"तुमच्या डोक्यात टांगा भावजी. तिथे भरपूर जागा आहे."

सगळे हसले. वहिनीला वाटलं, विषय मिटला.

बहिणीकडे एक मुक्काम करून ती परतली, तर खिडकी निम्म्याहून अधिक विटांनी भरलेली. गवंडी पुढची वीट बसवत होता. दीर खिडकी सोडून इकडेतिकडे बघत होता.

"मंडळानंच ठरवलं. कपाट मावेना."

वहिनीनं आवाज चढवला नाही. पिशवी खाली ठेवली आणि वरची वीट दोन्ही हातांनी हलवली.

"अहो, ओलं आहे अजून, हात सोलतील," गवंडी म्हणाला.

"ओलं आहे तोवरच निघेल."

एक निघाली. दुसरी निघाली. बोटांतून रक्त आलं, तरी ती थांबेना. शेवटी गवंडी तिच्या हातातल्या विटा घेऊन बाजूला रचू लागला.

"आता मंडळाला मी काय तोंड दाखवू?" दीर कळवळला.

"सांगा, कपाट लहान करा. नाहीतर माझी जागा मला परत द्या."

कपाट लहान झालं. खालचे दोन थर मात्र सकाळीच घट्ट बसले होते. ते तसेच राहिले. आता ऐकायला वहिनीला पाटावर उभं राहावं लागे.

पहिल्या बैठकीला म्हाताऱ्या मास्तरांनी कविता काढली. ती संपता संपेना. दीर खिडकीशी येऊन कुजबुजला, "ओता ना आता, लोक ताटकळलेत."

वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं. किटलीत चहा काळा होत गेला. मास्तरांचा शेवटचा शब्द ऐकला आणि मगच तिनं कप भरले.

दिरानं घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं. "वहिनी, विष आहे विष!"

"ते मास्तरांना सांगा," ती म्हणाली, आणि उरलेल्या विटांवर पुढचे कप मांडू लागली.