आढ्याला टांगलेलं प्रस्थान

त्या प्रकरणाचे कागद ठाण्यातल्या रद्दीबरोबर कधीच गेले असतील, पण हळदीचे डाग पडलेली ती पुरचुंडी मला आजही आढ्याला टांगलेली दिसते. तिच्याखालून मी वाकून गेलो होतो. नुसता गेलो नाही, जाताना हात जोडले होते. पोलिसाच्या नोकरीत माणूस पुष्कळ चुका करतो. हात जोडून केलेली माझी चूक ही एकच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं आणि मी महाड-पोलादपूरच्या टापूत फौजदार होतो. त्या काळी फौजदाराला गावच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत खुर्ची मिळे आणि शेवटी दोन शब्द बोलावे लागत. मला बोलायची हौस होती, हेही आत्ताच कबूल करून टाकतो.

त्या वर्षी उमरठच्या वाटेवरच्या एका गावातून अकरा माणसं सिलोनच्या सहलीला निघाली. मुंबईत बरीच वर्षं काढून गावी आलेल्या एका गृहस्थानं ही टूम काढली होती. रामेश्वरपर्यंत रेल्वे, पुढे बोट, की आलीच रावणाची लंका. दर इतका स्वस्त होता की ज्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत, तीही माणसं पासपोर्टच्या फोटोसाठी टोपी सरळ करून महाडच्या स्टुडिओत बसून आली. पासपोर्टच्या चौकशीचे कागद माझ्याकडेच आले. अकराही जणांच्या चांगल्या वर्तणुकीवर सही माझी होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात गावच्या शाळेत सभा झाली. सहलवाल्या गृहस्थानं सगळं बारकाईनं सांगितलं.

"पासपोर्ट म्हंजे तुमचा जीव हाय. गळ्यात पिशवी करून घालायची, आंघोळीला पण काढायची नाय. टोचणीचं पिवळं कार्ड हरवलं तर बोटीवर चढू देत नाय. पाणी उकळलेलंच प्यायचं. कोलंबोच्या बाजारात नायलॉनची साडी, घड्याळ एकदम सस्ता मिळतंय. पण दुकानदार बोलेल त्याच्या निम्मं बोलायचं आणि सरळ चालू पडायचं. तो मागनं हाका मारतोच. आणि बायांनो, सोनं अंगावर नको. कस्टमवाला लिहून मागतो, मग लफडा होतो."

मग मी उठलो. म्हणालो, "सोनं नेऊ नका हे बरोबर. पण घरात पेटीतही ठेवू नका, चोर पहिली पेटीच बघतो. कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि ती जागा कुणाला सांगू नका. बायकोलासुद्धा नाही!"

सभा खो खो हसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी खूश होऊन खाली बसलो.

पहिल्या रांगेत एक साठीचे शेतकरी बसले होते. गाव त्यांना भाऊ म्हणे. भातशेती चांगली, शब्दाला वजन, पोटी मूलबाळ नाही. शेजारी त्यांची बायको. तिला सगळे काकी म्हणत. सहलीच्या दिवसांत घर आणि गुरं कोण बघणार, असं मी सहज विचारलं तर भाऊंनी दाराकडे बोट केलं. तिथे घोंगडी खांद्यावर टाकून एकजण उभा होता. वरच्या डोंगरवाडीवरचा गुरं पाळणारा माणूस. वीस वर्षं तो भाऊंची गुरं सांभाळत होता. त्याला इथे राखणदारच म्हणतो.

तीन आठवड्यांनी सहल परत आली. दहाच माणसं आली. भाऊंना सिलोनातल्या कँडी शहरात ताप भरला, दोन दिवस ओळख नव्हती, आणि तिथल्याच इस्पितळात ते गेले. काकी तांब्याच्या कलशात अस्थी घेऊन पोलादपूरच्या एस.टी.तून उतरली. सगळा बाजार उभा राहून बघत होता, मीही होतो.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी भाऊंचे धाकटे भाऊ, म्हणजे काकीचे दीर, ठाण्यात आले. पेटी उघडली तर सोनं नाही. पाटल्या, गोठ, मोहनमाळ, काकीचं सगळं स्त्रीधन गेलं होतं. कुलूप शाबूत. किल्ली इतके दिवस घरातल्या कोनाड्यात, आणि घराची राखण कुणाकडे? दिरांनी फिर्यादीत राखणदाराचंच नाव घातलं.

मी दिरांचा जबाब घेतला, पेटीचा पंचनामा केला. काकीचा जबाब घेतला नाही. सुतकातून नुकती उठलेली विधवा, परक्या पुरुषापुढे कशाला बसवायची, असा माझा शहाणपणा.

त्याच संध्याकाळी खबऱ्यानं खबर आणली. राखणदार महिनाभर कुणा पाव्हण्याला आपल्या माजघरात येऊ देत नाही, दारातूनच बोळवण करतो. एवढं पुरे होतं. दुसऱ्या सकाळी दोन शिपाई आणि गावातले दोन पंच घेऊन मी वाडीवर चढलो. त्याच्या घराची झडती घेतली. गोठा उकरला, चुलीची राख उपसली, भाताच्या कणगीत हात घातला. माजघरात आढ्याला एक पुरचुंडी टांगलेली होती. शिपायानं काठी वर केली तशी राखणदाराची बायको आडवी आली.

"पस्तान हाय, साहेब! हात नका लावू!"

दोन्ही पंच मागे सरले. प्रस्थान म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असलं, की मुहूर्तावर सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि प्रवाशाचं एखादं वस्त्र बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. माणूस वेळेवर निघाला असं धरतात. परक्यानं त्याला हात लावला तर प्रवाशाचं वाईट होतं. माझ्या आईनं माझं पोलीस ट्रेनिंगला जातानाचं प्रस्थान शेजारी ठेवलं होतं. मी शिपायाला काठी खाली घ्यायला लावली आणि हात जोडले. पंचनाम्यात लिहिलं, 'आढ्यास प्रस्थानाची पुरचुंडी, धार्मिक वस्तू, उघडली नाही.' कुणाचं प्रस्थान, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

राखणदाराला खाली आणलं, कोठडीत घातलं. महाडच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभं करून कोठडीची मुदत घेतली. आणि चौकशी सुरू केली.

"सोनं कुठं ठेवलंस?"

"मी हात लावला नाय."

"विकलंस कुणाला?"

"मी कशालाच हात लावला नाय, साहेब."

पाच दिवस हेच. चोर माणूस बोलताना फाटे फोडतो, वेगवेगळं सांगतो, कुणावर तरी ढकलतो. हा एकच वाक्य बोले आणि जमिनीकडे बघे. माझ्या अनुभवानं मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याला निर्ढावलेला ठरवलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. लिहायला लाज वाटते, पण न लिहिण्याची जास्त वाटेल. त्याची बायको रोज डोंगर उतरून भाकरी आणी, ठाण्याच्या आवारात बसून राही, आणि उन्हं कलली की पुन्हा चढून जाई. मला तिनं कधी काही विचारलं नाही.

मुदत वाढवून मागायची तर कागद पुरे हवेत. म्हणून सहाव्या दिवशी काकीच्या घरी गेलो. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी विचारण्याआधीच तिनं विचारलं.

"त्याला सोडलंत का, साहेब?"

"अजून कबूल होत नाही."

"कसा व्हईल? त्यानं नेलंच नाय. वीस वर्सं आमच्या दुधात त्यानं पाण्याचा थेंब घातला नाय. भावजींना मी सांगितलं, पण माझं ऐकतो कोण?"

"मग सोनं गेलं कुठं? पेटीत शेवटचं कुणी ठेवलं?"

"पेटीतनं ह्यांनीच काढलं निघायच्या आधी. दुसरीकडं ठेवतो म्हणाले. कुठं ते पुसलं तर सांगीनात. मला वाटलं, मागनं परत पेटीतच ठेवलं असंल. बोटीवर पुन्हा पुसलं, तर हसले. म्हणाले, फौजदारसाहेबांचा हुकूम हाय, बायकोला पन सांगायचं नाय."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. कानात ती सभा पुन्हा हसली. त्या हसण्यात भाऊही होते, आणि त्यांनी माझा विनोद कायदा म्हणून पाळला होता. पोलिसाची वर्दी घालून बोललेलं माणसं किती खरं धरतात, हे मला त्या पडवीत कळलं.

पाणी मागून प्यालो आणि निघायच्या दिवसाचं एकेक विचारायला लागलो. गाडी कधीची, कोण पोचवायला आलं, बरोबर काय नेलं. बोलता बोलता काकी म्हणाली, "मुहूर्त बुधवारचा व्हता, आमी निघालो सुक्रवारी. म्हणून पस्तान ठेवलं व्हतं."

"कुणाकडे?"

"वाडीवर. त्याच्याच घरी. सुक्रवारी सकाळी ह्ये जाऊन घेऊन आले की."

"तुम्ही पाहिलंत आणलेलं?"

"मी कशाला बघू? पिशवीत घातलं म्हणाले."

प्रस्थान निघताना उचलून बरोबर न्यायचं असतं. माघारी टांगून कुणी ठेवत नाही. आणि मी सहा दिवसांपूर्वी त्याच्याखालून वाकून गेलो होतो, हात जोडून. मी इतक्या घाईनं उठलो की खुर्ची आडवी झाली.

काकी, दीर, तेच दोन पंच आणि कोठडीतून काढलेला राखणदार, सगळे वाडीवर गेलो. काकीला चढ झेपत नव्हता. शेवटच्या टप्प्यावर राखणदारानं तिला हात दिला, आणि त्याच्या मनगटावरचे दोरखंडाचे वळ तिला दिसले. तिनं ते निरखून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

माजघरात पुरचुंडी तशीच होती. खाली जमिनीवर हळदकुंकू वाहिलेलं.

"हे कुणाचं?" हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला.

राखणदार काकीकडे बघून म्हणाला, "मालकांचं. सुक्रवारी आले, बुधवारचं उतरवून घेतलं आन पिशवीतनं हे दुसरं काढून टांगून गेले. म्हणाले, मी येईस्तो कुनाला सांगू नको, मी माझ्या हातानं उतरवीन. मी म्हशीच्या दुधाची आन घेतली. मालक आले नायत. मग उतरवायचं कुनी? तेराव्यानंतर भटजीला पुसनार व्हतो, तवर तुमी नेलंत."

"आत काय आहे, ठाऊक होतं?"

"पस्तानात काय असतं ते. मी कशाला बघू?"

पंच पुढे होईनात. दिरांनीही मान खाली घातली. काकीनं पदर खोचला. "माझ्या धन्याचं हाय. मी काढते." ती पाटावर चढली आणि दोन्ही हातांनी तिनं ते खाली घेतलं. गाठ सोडली. वर वाळकी सुपारी, हळकुंड, तांदूळ. खाली भाऊंचं घडी केलेलं उपरणं. आणि उपरण्यात पाटल्या, गोठ, मोहनमाळ, एकही नग कमी नाही.

काकीनं सोनं बाजूला सारलं. उपरणं तोंडाला लावलं आणि परदेशातून आल्यापासून दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना. मुद्देमालाची यादी करायची होती. माझ्या हवालदारानं वही उघडली आणि परत मिटली.

राखणदार तोवर मागच्या दारानं गोठ्यात गेला होता. मी मागोमाग गेलो. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तो उभा होता. सहा दिवसांत तिला दुसऱ्या कुणाचा हात चालला नव्हता, ती आटत आली होती. मी टोपी काढली. माफी कशी मागतात हे पोलीस ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

"एवढं सोसलंस, एकदा तरी सांगायचंस रे."

"तुमी रोज पुसलंत, काय चोरलंस," तो म्हणाला. "काय राखतोस, ते कुनी पुसलंच नाय."

दावं सैल करून त्यानं रेडकू सोडलं आणि मला म्हणाला, "जरा बाजूला व्हा साहेब, ती तुमाला बुजतीय."

मी बाजूला झालो. प्रकरण 'चोरी नाही' म्हणून निकाली निघालं. वरिष्ठांनी तपासाबद्दल दोन चांगले शब्द लिहिले, ते मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत. पुढे इतक्या झडत्या घेतल्या, पण कुठलीही वस्तू पवित्र आहे म्हणून न पाहता सोडली नाही. आणि कोठडीतल्या माणसाला पहिला प्रश्न, तुझ्याकडे कुणी काय विश्वासानं ठेवलंय का, हाच विचारत आलो.

आता आमच्या आळीतली माणसं वरचेवर परदेशी फिरायला जातात आणि रिटायर फौजदार म्हणून सल्ला मागायला येतात. पासपोर्ट कुठे ठेवावा, पाणी कसलं प्यावं, बाजारात घासाघीस कशी करावी, सगळं सांगतो. सांगून झालं की त्यांच्या बायकोला बोलावतो आणि दोघांना समोरासमोर बसवून विचारतो, "घरात कुठे काय ठेवलंय, ते हिला सांगितलंत का?"

बहुतेक वेळा ती दोघंही हसतात. मी हसत नाही. त्यांचं सांगून होईपर्यंत मी त्यांना उठू देत नाही.