शेवटच्या कडव्यातलं नाव

आई विड्या वळायची. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरात दुपारभर तिच्या मांडीवर सूप असायचं, हातात तेंदूचं पान नि तंबाखू आणि तोंडात गाणं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण गाणी तिला आपोआप जुळायची. त्यातलं एक आजीवर होतं. धम्माची दीक्षा घ्यायला आजी शेजारणीचं पांढरं लुगडं मागून, भाकरी बांधून, खेड्यातून पायी नागपूरला आली होती, त्याचं. 'मागून आणलं पांढरं लुगडं, माय माझी चालली' अशी सुरुवात, आणि शेवटच्या कडव्यात आजीचं नाव. त्या नावापाशी आई विडी खाली ठेवून पदरानं डोळे पुसायची. मीही पानं कापायची सोडून रडायची. आजीला तर मी पाहिलंही नव्हतं.

मामा गायन पार्टीत पेटी वाजवून गायचा. आईचा धाकटा भाऊ. आजी गेल्यावर आईनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. एकदा जेवायला आला, तेव्हा त्यानं हे गाणं ऐकलं.

"हे मले दे वं बाई. जयंतीले गातो. मायचं नाव गावभर होईल."

आईनं पुन्हा पुन्हा म्हणून त्याच्याकडून ते पाठ करून घेतलं. वर पाटवडीचा रस्सा वाढला, तोही आग्रहानं.

जयंतीला आम्ही सगळ्यांत पुढे बसलो. मामा गायला सुरेख, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मग शेवटचं कडवं आलं आणि आजीचं नाव यायचं तिथं मामानं स्वतःचं नाव घातलं. अगदी ठेक्यात बसवून. टाळ्यांचा कडकडाट झाला. आई डोळे पुसत होती, तिचा हात तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो हार घेऊन घरी आला. आईनं हाराकडे पाहिलंही नाही.

"काहून केलं गा असं?"

"अवं बाई, शेवटी गाणाऱ्याचं नाव येतेच. रीतच हाये ते. मायचं नाव कोणाले माहीत हाये?"

"मले माहीत हाये," आई म्हणाली आणि सूप ओढून पुन्हा विड्या वळायला बसली.

परक्यानं चोरी केली असती तर आईनं चार शिव्या घातल्या असत्या. ज्याला भरवलं त्यानंच केसानं गळा कापला, त्याला काय म्हणणार? बरं, ती माय त्याचीही होती. स्वतःच्या आईचं नाव पुसायला जीभ कशी रेटली, हे मला आजही कळत नाही. आईनं ते गाणं पुन्हा कधी म्हटलं नाही.

मामानं मात्र गावोगाव म्हटलं. पुढे त्याची कॅसेट निघाली. नंदनवन वस्तीत, माझ्या सासरच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर ती वाजायची. मी दात-ओठ खात पुढे निघायची, आणि तरी पांढऱ्या लुगड्याची ओळ आली की डोळे भरायचेच. मामाचा राग होताच, पण आपले डोळेही त्याच्याच बाजूचे निघावेत याचा राग त्याहून मोठा होता.

आई गेली. पुण्यानुमोदनाला वंदना झाली आणि मोहल्ल्यातल्या बायांनी गाणी म्हणायला घेतली. कोणीतरी तेच गाणं सुरू केलं. सगळ्यांना पाठ होतं. मीही म्हणू लागले, आईच्या फोटोकडे बघत. शेवटच्या कडव्याला मी मोठ्यानं आजीचं नाव घेतलं.

शेजारच्या म्हातारीनं मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं वं बाई तुह्यं. तिथं तुह्या मामाचं नाव येते."

मामा समोरच बसला होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्यानं मान खाली घातली.

बायांनी ते कडवं पुन्हा म्हटलं, त्याच्या नावासकट.