फुकटच्या तिकिटावरचा कर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं ती माझ्याच घरात होती, रोज माझं ताट वाढत होती—तिच्याजवळही नाही. आज तुम्ही समोर आहात, आणि तुम्ही आमच्यातल्या कुणालाच ओळखत नाही. म्हणून जीभ उचलतेय.

गोष्ट एका विमानाच्या तिकिटाची आहे. फुकटच्या तिकिटाची.

मी परभणीत एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. लग्न केलेलं नव्हतं. घरात मी, आई, आणि आईची धाकटी बहीण—सुभद्रामावशी. तिचा नवरा अकाली गेला तेव्हा ती पाथरीहून लहानग्या वसूला घेऊन आमच्याकडे आली ती कायमचीच. वसू माझ्यासोबत वाढली. मला दादा म्हणते. अजूनही म्हणते. तिचं लग्न झालं, आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. पुढं माझ्या आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि मावशीनं पदर खोचला.

काय काय करायची ती? आईला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, भरवायची, घाण काढायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावायची. आणि हे सगळं चालू असताना आईशी बोलत राहायची—माहेरच्या, पिंगळीच्या जुन्या गोष्टी, लहानपणी दोघी जात्यावर बसायच्या त्या. आई नुसती डोळे हलवायची. मी? मी शाळेत जायचो. संध्याकाळी आलो की दारातूनच विचारायचो, 'आई कशी आहे?' मावशी म्हणायची, 'बरी हाय रे.' मग मी हातपाय धुऊन चहा प्यायचो.

दारातूनच. हे लक्षात ठेवा. मी आत जात नव्हतो.

फोन आमच्या घरी नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता. रविवारी सकाळी वसूच्या नवऱ्याचा, माधवरावांचा, तिथं फोन यायचा. आईला सोडून मावशीला निघता यायचं नाही, शिवाय फोनवर तिला नीट ऐकूही यायचं नाही. तेव्हा मीच जायचो. वसूची पत्रंही मीच वाचून दाखवायचो, कारण मावशीला अक्षरओळख जेमतेम. म्हणजे बघा—तिकडची दुनिया मावशीपर्यंत यायची ती माझ्या तोंडून. दुसरी वाटच नव्हती.

वसूला दिवस गेले. तब्येत नाजूक. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. नवरा दिवसभर कामावर, घरात दुसरं कुणी नाही. आणि एका रविवारी माधवराव फोनवर फार आनंदात होते.

ते कामानिमित्त सारखे विमानानं फिरायचे. म्हणाले, तिकडं एक रीत आहे. जितके मैल उडाल तितके कंपनी तुमच्या नावावर जमा धरते, आणि पुरेसे जमले की एक तिकीट फुकट देते. 'दादा, वसूच्या आईंसाठी तिकीट घेतलंय. पासपोर्ट त्यांचा लग्नानंतर काढून ठेवलेला आहेच, व्हिसाचे कागद धाडतो. तुम्ही फक्त त्यांना मुंबईला आणून विमानात बसवा.'

मी इंग्रजीचा मास्तर. मला शब्द नीट कळायला लागतो. मी विचारलं, फुकट म्हणजे नक्की काय फुकट?

ते समजावत राहिले. भाडं फुकट. पण सरकारचा कर आणि विमानतळाची फी फुकट नसते. ती कंपनीची नव्हेच, कंपनी फक्त गोळा करून देते, त्यामुळं जमलेल्या मैलांतून ती भागत नाही. तिकडची सगळी ते भरणार होते. इथून निघताना परदेश प्रवासाचा म्हणून एक कर द्यावा लागणार होता. 'तो नावालाच आहे, दादा,' ते म्हणाले. 'पण एवढं करा, तारीख चुकवू नका. अशा तिकिटाला जागा मोजक्याच ठेवतात. एकदा हातची गेली की वसूचे दिवस भरेपर्यंत दुसरी मिळणार नाही.'

मला सगळं कळलं. हे मला सांगितलंच पाहिजे—मला पूर्ण कळलं होतं. गैरसमज झाला असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

वाण्याच्या दुकानातून घर किती लांब? पाच-पन्नास पावलं. तेवढ्या वाटेत माझ्या डोळ्यांपुढं वसू नव्हती. आईची खोली होती. बाळंतपण उरकेपर्यंत मावशी सहा महिने नाही, आणि ती खोली, आणि मी.

घरी आलो. मावशी आईला पेज भरवत होती. मी तिकिटाची गोष्ट सांगितली, आणि तिचा चेहरा—नको. तो चेहरा मी सांगत नाही.

मग मी म्हणालो, 'पण मावशी, तिकीट फुकट असलं तरी त्यावर कर लय असतो. दोन्हीकडचा. जवळजवळ तिकिटाएवढाच. माधवरावांना बोलता येईना, पण त्यांचीही ओढाताण दिसतेय.'

असं म्हणालो. आवाज एकदम साधा. वर्गात शिकवताना असतो तसा.

मावशीनं पेज संपवली, आईचं तोंड पुसलं. दुपारी माझ्यापुढं एक फडकं ठेवलं. त्यात तिच्या पाटल्या होत्या. नवऱ्यामागं तिनं जपलेली एवढीच चीज. 'ह्या मोड. ह्याच्यात भागतंय का बघ.'

इथं तरी मी थांबायला हवं होतं ना? इथं कुणीही थांबलं असतं.

मी पाटल्या हातात घेतल्या. वजन केल्यासारख्या हलवल्या. म्हणालो, 'नाही भागायचं, मावशी.'

तिनं फडकं परत बांधलं. म्हणाली, 'जाऊ दे मग. जावाईबापूला कराचं काही म्हणू नको बरं. सासू पैशाचं रडगाणं गाती असं वाटंल त्यास्नी. दुसरं काहीतरी सांग.'

तिचा मान होता तो. आणि त्याच मानाच्या आड मी लपलो. पुढच्या रविवारी माधवरावांना सांगितलं, मावशी विमानाला घाबरते. येलदरीच्या धरणापलीकडं ती कधी गेली नाही, बसमध्येही तिला गरगरतं, फार समजावलं पण ऐकत नाही.  मग त्यांनी तिकीट रद्द केलं. मैल परत नावावर जमा करून घ्यायलाही फी पडते, हे मला नंतर कळलं. ती त्यांनी मुकाट भरली.

वसूचं मूल जगलं नाही. मुलगा होता. पलंगावरून उठायचं नव्हतं, पण दिवसभर घरात एकटी बाई—कोण पाणी देणार? ती उठत होती, पडेल ते करत होती. मावशी तिथं असती तर मूल वाचलं असतं का? डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. मला फक्त एवढं माहीत आहे की मावशी तिथं नव्हती, आणि ती का नव्हती.

ती बातमी आली त्या रविवारी मी आईजवळ शेजारणीला बसवून मावशीला दुकानात नेलं. तिनं फोन कानाला लावला. दोघी नुसत्या रडल्या. वाणी हिशेबाची वही चाळत बसला. मी बाहेर ओट्यावर उभा होतो.

पुढं वसू आणि माधवराव आले. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन सगळीकडं चाललं होतं, शाळा अधूनमधून बंद असायची, त्यामुळं त्या दुपारी मी घरीच होतो. आम्ही जेवायला बसलो होतो. मावशी वाढत होती. वसू हळूच म्हणाली, 'आई, तुला विमानाची एवढी का गं भीती? मी लय वाट पाहिली तुझी.'

मावशीचा हात थांबला.

माधवराव तिची बाजू सावरायला गेले. बिचारे. म्हणाले, 'अगं, वयच होतं त्यांचं. नाहीतर अडचण काय होती? तिकीट फुकट, इथला कर तर नावालाच.'

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी ताटातल्या भाकरीकडं बघत होतो, तरी मला ते पाहणं कळलं. तिला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोन वाक्यं जोडायला शाळा लागत नाही. तिला दोन्ही खोटी एकदम कळली—तिला सांगितलेलं, आणि तिच्या नावावर सांगितलेलं. आता ती बोलेल, मला वाटलं. खरं सांगू? बोलावं असंही वाटलं.

'भ्याले गं बाई,' ती म्हणाली. 'लय उंच जातं म्हणं ते. माझा जीवच होईना.'

आणि माझ्या ताटात वरण वाढलं.

वसूच्या डोळ्यात काय आलं ते मी पाहिलं. आईवरचा राग होता तो. आयुष्यभराचा. मावशीनं तो उचलून आपल्या अंगावर घेतला—खरं तर माझ्यावर यायला हवा होता तो. मी घास गिळला.

ती दोघं गेली. दुसऱ्या सकाळी मावशी आईच्या खोलीत होती. मी दारात उभा. तिनं मागं न बघता हाक मारली, 'दत्ता, आत ये. आक्काला जरा इकडून धर.' इतक्या वर्षांत तिनं मला कधी बोलावलं नव्हतं. मी आत गेलो. आईच्या खांद्याखाली हात घातला. आईचं अंग गरम होतं, हलकं होतं. मला शिसारी आली. आपल्या आईची शिसारी. हेच होतं ते—ह्याच्यासाठी मी सगळं केलं होतं. जागरणाची भीती नाही, शाळेचा व्याप नाही. पैसे देऊन बाई ठेवता आली असती, मी एकीलाही विचारलं नव्हतं. मला त्या अंगाला हात लावायचा नव्हता, एवढंच.

मावशी तोंडाकडं बघत होती माझ्या. तिला तेही दिसलं असणार. ती अंग पुसत राहिली. म्हणाली, 'असंच धर.'

त्यानंतर रोज मी धरायचो. ती त्या तिकिटाबद्दल कधी बोलली नाही, मीही नाही. आधी आई गेली. नंतर काही वर्षांनी मावशी. वसू दहाव्याला आली. विधी उरकल्यावर माझ्या पाया पडली, म्हणाली, 'दादा, तू होतास म्हणून आईचं निभलं.'

मी तिला उठवलं. डोक्यावर हात ठेवला.