लुडोने विहीणबाईंना बोलावणं धाडलं

बायांनो, सकाळपासून माझं हसू थांबत नाही, म्हणून लिहिते. शाळा जेमतेम शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या.

भरताची वांगी भाजायला ठेवली आणि फोनवर लुडो उघडला. गेमने विचारलं, फोनमधली सगळी नावं पाहू का? आता दारात आलेल्याला आपण नाही म्हणतो का? दाबलं हो. मेल्याने माझ्या नावाने सगळ्यांना खेळायला बोलावलं, फैजपूरच्या विहीणबाईंनासुद्धा!

लेकीच्या लग्नात त्यांच्या जावेची मानाची साडी राहून गेली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आधी कोणी बोलवायचं, यावरच अडलेलं. लेक बिचारी मधल्यामध्ये कुढायची. आता आणखी काय ऐकावं लागतं, म्हणून मी घाबरले.

तेवढ्यात त्यांचाच फोन. "अक्का, शेवटी बोलावलंत! पण डावात सोडणार नाही हं."

"सोडा म्हणतंय कोण, विहीणबाई?"

स्पीकर लावून खेळलो. जाहिरात लागली की गप्पा. सून म्हणाली, "आई, पैसे भरले की जाहिराती जातात." म्हटलं, "राहू दे गं, तेवढ्यातच तर बोलणं होतं." वांगी पार करपली!

मग सुनेने ती परवानगी बंद केली. असे नंबर गोळा करून विकतातही, म्हणे. खरंच, दुसऱ्यांचे नंबर त्यांना न विचारता द्यायला नको होते. पुढच्या वेळी आधी वाचून घेईन.

पण विहीणबाईंना वाटतंय, मीच बोलावलं. त्या या ग्रुपात नाहीत. खरं सांगू का त्यांना?