खडकाखालचा कानालू

हिलोच्या विमानतळावर हेलिकॉप्टरवाले आधी वजन करतात आणि वजन बघून जागा देतात. नोहेआ काट्यावर उभी राहिली तशी तिची मुलगी केहाऊ म्हणाली, "बघ आई, आता लपवून चालायचं नाही."

"तू चढ आधी. वेगासचं जेवण कुणाच्या अंगी लागलंय ते कळेल."

काउंटरवरची पोरगी हसली. नोहेआच्या कमरेला पट्टा बांधता बांधता तिने सवयीने विचारलं, "हवाईत पहिल्यांदाच का, आंटी?"

"हिचा जन्म इथला," केहाऊ जरा तुटकपणे म्हणाली. "लग्न, संसार, सगळं इथलं."

"मग आता सुट्टीला आलात?"

"हो, सुट्टीला," नोहेआ म्हणाली आणि पट्टा उगाचच चाचपत राहिली.

तिचं गाव बेटाच्या पुना भागात, समुद्रकाठी होतं. नवरा वेंडेल पपया लावायचा, ती शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवायची. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली. थोरला कानालू ऐन तारुण्यात लाटांवर खेळायला गेला आणि दुसऱ्या दिवशी खडकांत सापडला. गावच्या छोट्या चर्चमागे त्याला पुरलं. रविवारची प्रार्थना झाली की नोहेआ चाफ्याचा हार घेऊन मागे जायची, गवत उपटायची, घरातलं काय काय सांगून यायची.

मग जमीन फाटली. लाव्हा रस्ते गिळत खाली येऊ लागला. लोक फ्रीज, गाद्या, कोंबड्या ट्रकवर चढवत होते. वेंडेलने मात्र अंगण झाडून काढलं, ओटा धुतला, उंबऱ्यावर फुलं ठेवली. ज्वालामुखीची देवी पेलेआजी घरी यायची तर घर स्वच्छ पाहिजे, असंच त्याच्या आईने त्याला शिकवलेलं.

"कानालूला काढून घेऊया," नोहेआ म्हणाली. "तुझा भाऊ येईल खणायला. पाद्रीही हो म्हणालेत."

"झोपलाय तो. झोपलेल्याला उठवायचं नाही."

"आणि ती इकडेच आली तर?"

"आजी आहे ती. पोराला वळसा घालून जाईल."

नोहेआ भांडली, रडली, दोन घास न खाता बसून राहिली. वेंडेल हलला नाही. लाव्हाने घर घेतलं, चर्च घेतलं, चर्चमागचंही घेतलं आणि पुढे तो समुद्रात जाऊन पडला. त्यानंतर केहाऊ दोघांना आपल्याकडे लास वेगासला घेऊन गेली. तिथल्या वाळवंटात वेंडेल दिवसभर खिडकीशी बसायचा. कानालूचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, नोहेआनेही त्याला टोमणा मारला नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याला तिथेच पुरावं लागलं. दफनाहून परतताना नोहेआ एवढंच म्हणाली, "एकदा वरून तरी बघू दे मला." त्या बाजूला अजून रस्ता झालेला नव्हता. केहाऊने तेवढं मनात धरलं आणि सुट्टी काढली.

हेलिकॉप्टरमध्ये एक नवविवाहित जोडपंही होतं. पायलट तरुण होता, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेला. कानांवरच्या हेडफोनमधून त्याचा आवाज येत होता. हिरवं जंगल संपलं आणि खाली नुसतं काळं पसरलं. "इथे एक गाव होतं," तो म्हणाला. "सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. आणि डावीकडे बघा, बेटावरचा सगळ्यात नवा किनारा."

नवरी मोबाईल काचेला लावून फोटो काढू लागली.

"चर्च कुठे होतं?" नोहेआने विचारलं.

"चर्च? ते मला ठाऊक नाही हो. कुणी होतं का तुमचं इथे?"

"मुलगा. चर्चमागे पुरलाय."

पायलट हळूच म्हणाला, "एक फेरी मारतो, आंटी. जेवढं खाली जाता येतं तेवढं जातो."

नोहेआ कपाळ काचेला टेकवून बघत राहिली. वाचलेली एकच टेकडी ओळखीची होती. चर्चच्या दारातून ती उजव्या हाताला दिसायची. पण वरून बघताना टेकडीला डावं-उजवं काही राहिलंच नव्हतं. नारळाची रांग नाही, विहीर नाही, वळण नाही. खडकाच्या फटींतून कुठे कुठे नेचे उगवले होते, तेही सगळीकडे सारखेच. हेलिकॉप्टर वळत होतं तशी ती दिशा हरवत गेली.

"ते बघ आई, तो उंचवटा," केहाऊने तिचा हात घट्ट धरला. केहाऊचे डोळे भरून वाहत होते. "तिथेच ना?"

नोहेआने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "तिथेच."

नवरीने तेवढ्यात त्या उंचवट्याचा फोटो काढला. नंतर ज्वालामुखीच्या विवरावरून जाताना तळाला लाल रस उकळत होता आणि जोडपं भान हरपून बघत होतं. नोहेआने तिकडे एकदाच पाहिलं. "वळसा घातला नाहीस ना," ती पुटपुटली. कुणाला ऐकू गेलं नाही.

खाली उतरल्यावर नवरीने तिला मिठी मारली आणि फोटो केहाऊच्या फोनवर पाठवला. गाडीत बसल्यावर केहाऊने विचारलं, "आता बरं वाटतंय ना गं?"

"वाटतंय. भूक लागलीय. कुठेतरी लाऊलाऊ मिळतं का बघ."

दोघी जेवल्या. नोहेआने पानातलं डुकराचं मांस शेवटपर्यंत संपवलं आणि मुलीला अळूकंदाची पोई वाढली.

वेगासला परतल्यावर केहाऊने तो फोटो मोठा करून चौकटीत बसवला आणि वेंडेलच्या तसबिरीशेजारी लावला. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर केहाऊ फोटोपुढे फुलं ठेवते आणि भावाशी बोलते, पोरांच्या शाळेचं, कामावरच्या कटकटींचं. मग आईला म्हणते, "तूही बोल ना त्याच्याशी."

नोहेआ उठून फोटोजवळ जाते. काळ्या खडकाचा तो उंचवटा बघते. कोणाच्या तरी पपईच्या बागेवरचा असेल, रस्त्यावरचा असेल. केहाऊ मागे उभी असते, म्हणून ती ओठ हलवते.